फाटकं जाळं आणि रविवारचं स्टेज

तीन महिने आमच्या जेवायच्या टेबलावर कुणी जेवलं नाही. तिथे योगा मॅट कापून केलेलं चिलखत सुकत पडलेलं असायचं. गरम गोंदाचे पांढरे धागे पंख्याला, सोफ्याला, पोळ्यांच्या डब्याला. एकदा मी तशीच बेलापूरला ऑफिसात गेले तर बाजूच्या टेबलवाली म्हणाली, "अगं, पाठीला जळमटं कसली लागलीत?" काय सांगणार? माझी अकरावीतली मुलगी बुडालेल्या जहाजाची पहारेकरीण होतेय म्हणून?

कॉस्प्ले म्हणतात त्याला. गोष्टीतल्या पात्राचा वेश आपल्या हाताने करायचा, तो घालून चारचौघांत उभं राहायचं आणि आपण कोण ते सांगायचं. नेरूळच्या एका शाळेत शनिवार-रविवार शिबिर होतं. शनिवारी शिकवणी, रविवारी दुपारी बारा वाजता स्टेज. माणशी दोन मिनिटं.

हे दोन मिनिटांचं ऐकून मी गप्प बसले, नाहीतर पहिल्याच दिवशी ती गोंदाची गन खिडकीतून खाली गेली असती. दहावीनंतर तिच्या मैत्रिणी चार कॉलेजांत पांगल्या आणि पोरीने तोंडच मिटलं. कॉलेज ते खोली, खोली ते कॉलेज. लग्नकार्याला यायची नाही, पाहुणे आले की दार लोटून घ्यायची. सहा महिन्यांत माझं देवाला, डॉक्टरला, ज्योतिषाला, सगळ्यांना विचारून झालं होतं. तीच मुलगी एक दिवस आपणहून म्हणाली, "आई, मला स्टेजवर बोलायचंय." मग टेबल गेलं खड्ड्यात. जेवू जमिनीवर बसून.

पण वैतागायचा माझा हक्क मी सोडला नाही. या पहारेकरणीच्या पाठीवर म्हणे फाटकं जाळं हवं. जहाज खडकावर आपटून बुडालं, ती जाळ्यात अडकून तळाशी गेली आणि शंभर वर्षांनी तेच जाळं ओढत खाडीतून वर आली, अशी तिची गोष्ट. जाळं दिलं आजोबांनी. ते फाडायला हिने दोन रविवार घातले. दार बंद करून कात्रीने कापायचं, मेणबत्तीने जाळायचं, सॅंडपेपरने घासायचं, मग चहाच्या पाण्यात बुडवायचं. मी म्हटलं, "बये, मला दिलं असतंस तर पाच मिनिटांत फाडून दिलं असतं, तेही फुकट." ती म्हणाली, "आई, प्रत्येक भोकाला अर्थ आहे." हो का! भोकाला अर्थ! माझ्या गॅसच्या शेगडीला मात्र काही अर्थ उरला नव्हता.

आजोबा म्हणजे माझे वडील. करावे गावचे, उभा जन्म खाडीत मासेमारी केलेले. आई गेल्यावर दोन वर्षांपूर्वी मी त्यांना सीवूड्सच्या फ्लॅटमध्ये आणलं. येताना त्यांनी ते एक जाळं तेवढं गाठोड्यात बांधून घेतलं. बाकी जाळं विणायच्या सुया, दोऱ्याची रिळं, जाळ्याच्या खालच्या कडेला ओवायचे शिशाचे मणी मी गावातच भंगारवाल्याला देऊन टाकलं. ठेवणार कुठे? आणि वास! "बाबा, आता आराम करा, कशाला हात लावायचा नाही," हे मी त्यांना रोज सांगायचे. ते टीव्हीसमोर बसायचे, नाहीतर बाल्कनीत कबुतरजाळीमागे खुर्ची टाकून बसायचे. त्यांना बरं चाललंय असं मी धरून चालले होते.

शनिवारी लेकीने मला शिबिराला ओढून नेलं. फॉर्मवर पालक स्वयंसेवक म्हणून माझ्या नावापुढे तिनेच खूण केली होती. काम काय, तर दारात उभं राहून तलवारी मोजायच्या. धातूची नको, हातापेक्षा लांब नको, टोक बोटाने दाबून मऊ आहे ना बघायचं. सरकारी नोकरीत पंचवीस वर्षं फायली तपासल्या, त्याचा शेवट हा. एक उंच राक्षस आला, मागून त्याची आई डबा घेऊन. "आधी उपमा खा, मग दात लाव!" एका परीचे पंख टॉयलेटच्या दारातून जाईनात, म्हणून मी ते बाहेर धरून उभी. "काकू, वाकवू नका हं," आतून आवाज. मी कशाला वाकवतेय गं बाई, माझीच कंबर वाकलीय.

पण मधल्या सुट्टीत बघते तर माझी लेक चार पोरींच्या घोळक्यात बसून हातवारे करत बोलत होती. मी पंख धरून तिथेच उभी राहिले. डोळे भरून आले, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

पाचला घरी आलो. जाळं आम्ही बाल्कनीत सुकत टाकून गेलो होतो. आता ते सोफ्यावर होतं, नीट घडी घातलेलं. बाजूला बाबा, चेहऱ्यावर इतका आनंद की गणपती बसल्यावर असतो तेवढा.

"घे गो बाय," ते नातीला म्हणाले. "पार चाळन झालेली त्याची. सकाळधरनं बसलो. बघ, एक भोक गावायचं नाय तुला."

एक भोक नव्हतं. खरंच नव्हतं. गाठीला गाठ अशी बसवलेली की जुनं कुठलं नि नवं कुठलं कळू नये.

लेकीने जाळं उचललं, उलटं केलं, सुलटं केलं. मग म्हणाली, "मी उद्या जाणार नाही." खोलीत गेली आणि दार लावलं. त्या आतल्या कडीचा आवाज मला चांगला पाठ होता.

मग मी सुटले. "बाबा, तुम्हाला सांगितलं होतं ना कशाला हात लावू नका? पोरीने दोन रविवार खपून फाडलं होतं ते! मुद्दाम! फाटकंच हवं होतं तिला!"

बाबांना ते कळेचना. "मुद्दाम कोन जाळं फाडील?" ते म्हणाले. आमच्याकडे जाळं फाटलं की पुढच्या भरतीच्या आत ते सांधायचं, ताप असो, घरात मयत असो. फाटकं जाळं तसंच टाकून माणूस जेवायला बसत नाही. मलाही हे माहीत होतं, मीही त्याच घरातली. तरी ते तिथे टाकून मी तलवारी मोजायला गेले होते.

"आणि सुई कुठून आणलीत?" मी ओरडले. "सुया तर मी भंगारात दिल्या!"

त्यांनी उशीच्या अभ्र्यातून काढून दाखवली. लेकीची हरवलेली प्लॅस्टिकची फूटपट्टी. टोक घासलेलं, मधे दोरा अडकवायला जीभ कापलेली, आकडे अर्धे पुसलेले. तिच्यावर पातळ नायलॉनचा दोरा गुंडाळलेला.  

रविवारी सकाळी आठला मी खोलीचं दार ठोकलं. "अगं, कात्री घे, परत फाड, चार तास आहेत!" ती बाहेर आली, कात्री घेतली, जाळं मांडीवर घेतलं आणि बसून राहिली. समोर खुर्चीत आजोबा. नऊ वाजले. "काप ना!" मी म्हटलं. ती रडायलाच लागली. "आई, माझ्याने नाही होत. त्यांनी दिवसभर बसून केलंय." आता घ्या! एकाला फाटकं बघवत नाही, दुसरीला फाडवत नाही, आणि दोघांच्या मधे मी.

तेव्हा बाबा खुर्चीतून उतरून खाली बसले. "फाटलंय कशानं, ते सांग मना."

"खडकावर," ती नाक ओढत म्हणाली. "जहाज आपटलं."

"मंग कातरीनं कशाला कापलंस? खडकावर असं फाटत नाय. कुनी पन सांगंल, ही कातर हाय." त्यांनी जाळं ओढून घेतलं. "खडक खालनं धरतो. शिसं असतंय ना, त्या अंगाला. मंग होडी वडते, आनि फाटत वर येतं." त्यांनी जाळ्याची खालची कड पायाखाली दाबली, वरची दोन्ही मुठींत धरली. थांबले. माझ्याकडे बघितलं. त्या माणसाने सत्तर वर्षांत जाळं कधी आपणहून फाडलं नव्हतं, हे त्या बघण्यात मला दिसलं. मी म्हणणार होते, राहू द्या बाबा. त्याआधीच त्यांनी ओढलं.

अर्ध्या तासात झालं. खडकाची फाट, खुंटाला अडकल्याची फाट, मोठ्या माशाने धडक दिल्याची फाट. लेक पालथी पडून बघत होती, मधेच विचारत होती, शेवटी तिनेही एका बाजूने धरून ओढलं. चिलखत चढवून रिक्षा मिळाली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. बाबा पुढच्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले, शेजारी शिंगवाला राक्षस.

पोरगी स्टेजवर आली. पहिली काही सेकंदं गप्पच.  परीक्षक बाईंनी सहज विचारलं, "जाळं कसं फाटलं?" आणि ती बोलायला लागली. शिसं, खडक, होडीची ओढ, सगळं. दोन मिनिटांची घंटा झाली तरी थांबेना. बक्षीस त्या परीलाच मिळालं. मिळू दे. पंख मी धरले होते.

घरी आल्यावर बाबांनी हात पुढे केला. "जालं ना तुजं? दे आता." आणि उशीतली पट्टी काढून सांधायला बसले. नातही शेजारी बसली, गाठ शिकायला. टेबलाचं नाव कुणी काढेना.

मी कपडे वाळत घालायला बाल्कनीत गेले. मनात आलं, दोरा कुठला वापरतायत हे? कोपऱ्यात कबुतरजाळीवाला उरलेलं बंडल टाकून गेला होता, ते जवळजवळ संपलेलं. मी मान वर केली. आमची ही जाळी पाच वर्षांची. सगळ्या बिल्डिंगच्या जाळ्या फाटून कबुतरं आत शिरली, आमची तेवढी शाबूत. त्या जाळीवाल्याची मी लिफ्टमध्ये किती स्तुती केली होती, तिघींना त्याचा नंबरही दिला होता. जवळून बघितलं. खालच्या कडेपासून माझ्या डोक्याच्या वरपर्यंत, खुर्चीवर उभं राहून हात पोचेल तिथपर्यंत, बारीक गाठीच गाठी. दोन वर्षांच्या.

"बाबा," मी तिथूनच म्हटलं.  "खालच्या मजल्यावरच्या काकूंची जाळी फाटलीय."

त्यांनी सुई थांबवली. मग उठायलाच लागले. "मंग आदी का नाय सांगतलंस?"