तीन ठिकाणी माप

समस्त जनांच्या कानी एक गंभीर वार्ता घालतो: या पृथ्वीतलावर सरळ भिंत नाही. मी ऑफिसांच्या इमारतींना लोखंडी दरवाजे करून देतो. चौकटीच्या जागेची रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजतो आणि सर्वांत कमी भरेल तीच धरतो. माणूसही घरात, कामावर आणि सासुरवाडीत मोजून असाच धरावा. पुढे कुठे अडकायला होत नाही.

काल भिंत बांधणारे महादूमिस्त्री माप घेताना शेजारीच उभे होते, आणि इमारतीचे मालकही. वरची रुंदी खालच्यापेक्षा चांगली इंचभर कमी भरली. मालकांनी मिस्त्रींकडे नुसतं पाहिलं. तीस वर्षांची अब्रू टेपला लटकलेली बघून मिस्त्री बोलून गेले, "भिंत ओळंब्यातच आहे, साहेब. तुमची इमारत जरा कललीय."