सुरंगीचा वळेसार

शिमग्याच्या आधी सुरंगी कळ्यांवर येते. त्या दिवसांत मी शिरोड्याहून वरच्या वाडीपर्यंत चालायला जायचे, तेव्हा वाटेवरच्या झाडाखाली एक बाई गोणपाटावर बसून वळेसार, म्हणजे सुरंगीच्या कळ्यांचे गजरे, करत असायची. नाव मी विचारलं नाही, तिनेही नाही.

ऊन चढलं की कळ्या उमलतात आणि उमललेल्यांना गिऱ्हाईक नसतं. म्हणून आठच्या एसटीआधी पाटी भरायची तिची घाई. तरीही प्रत्येक कळीला ती केळीच्या ओल्या वाकाचा, म्हणजे सोपाच्या धाग्याचा, दुहेरी वेढा घालायची आणि अंगठ्याने दाबून बघायची.

मला असा वेळ घालवलेला बघवत नाही. एके सकाळी मी तिला सुई आणि दोऱ्याचं रीळ नेऊन दिलं. "मावशे, ह्यां वापर. अर्ध्या येळात होतला."

त्या दिवशी तिची पाटी साडेसातलाच भरली. मी खूश होऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी तिच्या हातात पुन्हा वाक. माझं रीळ तिने टाकलं नव्हतं, पाटीचा उसवलेला काठ त्या दोऱ्याने शिवला होता.

"काय झाला गो?"

"बाजारात पोचासर सुयेन टोचलेले सगळे कळे गळान पडले. गिऱ्हाइकांका काय दोरो दाखवू?" ती हसली नाही, रागावलीही नाही. गोणपाटावर सरकून जागा केली. "बस हंय. काल तू घालवलंस, आज हात लाव."

मी बसले. एसटी येईपर्यंत माझ्या अकरा कळ्या बांधून झाल्या. त्यातल्या चार तिने सोडवून पुन्हा बांधल्या.