गौरम्मा नसलेला फोटो

आमच्या घरचा चहासुद्धा अक्का आधी हुंगून मगच प्यायच्या. "तुमच्यावर न्हाय वो वैनी, दूधवाल्यावर संशय हाय," असं वर आईलाच सांगायच्या. सोलापुरात आमच्या शेजारच्याच घरात त्या दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायच्या आणि गल्लीत शिरणाऱ्या प्रत्येकाकडे डोळे बारीक करून बघायच्या. गॅसवाला नेहमीचाच, तरी "नवीन दिसतोस की रं," म्हणून त्याची उलटतपासणी ठरलेली. आम्ही पोरी त्यांना मागून फौजदारीणबाई म्हणायचो.

मी नववीत असताना कुणीतरी माझ्या नावानं खोटं अकाउंट उघडलं. त्यावर माझा एक फोटो टाकला. निऱ्यांचा बोंगा झालेला, तोंडात पिना, डोळे तिरळे. खाली रोज नवे टोमणे, आणि निम्मा वर्ग त्यांना हसणारा. मला सगळ्यांचाच संशय यायला लागला. बाकावरच्या शेजारणीचा, मागच्या मुलांचा, रिक्षातल्या पोरींचा. फक्त श्रावणीचा यायचा नाही. ती अक्कांची मुलगी, माझ्याच वर्गातली. तिच्याच गळ्यात पडून मी रडायचे.

घरी कळलं तेव्हा आई म्हणाली, "तूच कुणाला तरी पाठवला असशील फोटो." बाबांनी फोन काढून घेतला. मी शाळाच सोडते म्हटलं, आणि खरंच दप्तर माळ्यावर टाकलं. रडारड ऐकून अक्का आल्या.

"चोर सोडून हिलाच कोंडताय व्हय?" त्या बाबांना म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुज्यावर न्हाय गं माजा संशय. फोनमधलं काय बी पुसून टाकू नगंस. दाव मला."

गॅसवाल्यावर विश्वास न टाकणाऱ्या बाईनं माझ्यावर टाकला. मला इतकं भरून आलं की बाबांच्या हातातून फोन घेऊन मी तो फोटो त्यांच्यापुढं धरला.

फोटोत माझ्यामागं फुलांची बतुकम्मा दिसत होती. नवरात्रात आमच्याकडच्या तेलुगू बायका ताटात फुलांची उतरंड रचतात, मैदानात नेऊन तिच्याभोवती फेर धरतात. अक्का दरवर्षी मलाही साडी नेसवून न्यायच्या. तिथं साडी सुटली की मी अशीच पिना लावत उभी राहायचे, त्यामुळे मैदानातल्या गर्दीत कुणा टवाळ पोरानं फोटो काढला असणार, असंच सगळे धरून चालले होते. अक्कांनी फोटो बोटांनी मोठा केला आणि बतुकम्मेच्या टोकावर बोट ठेवलं.

"हिच्यावर गौरम्मा न्हाय," त्या हळू म्हणाल्या.

हळदीची छोटी गौरम्मा, म्हणजे गौर, अक्का घरातून निघता निघता, सगळ्यात शेवटी, स्वतःच्या हातानं बतुकम्मेवर ठेवायच्या. म्हणजे फोटो त्यांच्या घरातला होता, आणि तेव्हा घरात आम्ही तिघीच होतो.

संध्याकाळी त्या श्रावणीला दंडाला धरून घेऊन आल्या. तिचे डोळे सुजले होते. "सगळे हिचंच कौतुक करतात, तू पण," एवढंच ती अक्कांना म्हणाली.

"उद्या बाईंम्होरं सोताच्या तोंडानं सांगायचं. ते अकाउंट त्यांना दाव, मग बंद कर," अक्का म्हणाल्या.

माझी आईच विरघळली. "अक्का, घरातल्या घरात मिटवू की."

"वर्गाम्होरं हिची अब्रू घालवली, मग घरात कसं मिटंल?"

श्रावणीनं सांगितलं. मी दप्तर खाली काढलं, शाळेत जाऊ लागले. श्रावणी मात्र अक्कांशी बोलेनाशी झाली. बारावीनंतर ती हैदराबादला मामाकडे गेली. फोन करते तो वडिलांना.

परवा नोकरीसाठी पुण्याला निघताना मी अक्कांच्या पाया पडायला गेले. न राहवून विचारलं, "अक्का, वाईट वाटतं का हो?"

"वाटतं की. लई वाटतं. पोटची पोर हाय." त्यांनी विडीचा दोरा दातानं तोडला. "पन तू साळा सोडली असतीस, तर मला तिच्या तोंडाकडं बगवलं नसतं."

गाडीत बसल्यावर मी श्रावणीला इतक्या वर्षांनी मेसेज केला, "आईला फोन कर." तिनं लगेच वाचला. उत्तर अजून आलेलं नाही.