पगारे वहिनींची पंगत

काही घरांच्या शेजारी राहिलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते भिंतीवरून उड्या मारून आपल्या अंगणात येतात. नाशिकला आमच्या कॉलनीत पगारे वहिनींचं घर तसलं. त्यात मला पहिल्यापासून चौकशांची खोड!

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. सकाळची वेळ, नळावर रांग. माझ्या पुढे नामपूरच्या सुमनबाई, बोलणं अहिराणी वळणाचं. मागे वळून हळूच म्हणाल्या, "ऐकलं का? मंगळवारी कोंडवाड्याची गाडी येणार शे, आणि पगारे वहिनींची सगळी जनावरं..."

तेवढ्यात नळाला पाणी आलं! बाई हंडा घेऊन धावल्या. वाक्य तिथंच राहिलं.

*

वहिनींनी जनावरं हौसेनं पाळली नव्हती. ती येत गेली. लंगडी कुत्री, कुणीतरी हाकलून दिलेलं गाढव, आंधळी शेळी, कोंबड्या, बदकं.

एकदा तर चांदवडकडून आलेली एसटी स्टॉपवर थांबली आणि कंडक्टर कांद्याचं पोतं उराशी धरून उतरला. पोत्यातून कुत्रं डोकं काढून बघतंय! हायवेवर ट्रकनं उडवलेलं.

"वहिनी, तुमचा पॅसेंजर!"

वहिनींचा पहिला प्रश्न, "वाटेत पाणी पाजलं का याला?"

"माझ्या फिरकीच्या तांब्यातलं सगळं पाजलं! आता मला पाजा!"

*

पण बघण्यासारखी होती ती पंगत. संध्याकाळी वहिनी अंगण झाडून, पाणी मारून जुनी ताटं, झाकणं, घमेली ओळीनं मांडायच्या. ज्याची त्याची जागा ठरलेली. गाढव कडेला, कुत्री पायरीपाशी. आधी आंधळ्या शेळीला हात धरावा तसं कान धरून आणायच्या. ती तोंड घालेपर्यंत एकही जनावर हलायचं नाही. कोंबड्यासुद्धा!

मी भिंतीवर कोपर टेकून रोज बघायची. आमच्याकडे चार माणसं एका वेळी जेवायला बसवताना माझा घसा बसायचा.

*

मग कुणीतरी वासाची तक्रार केली. परवान्याचे साहेब आले, नाकाला रुमाल लावूनच. घरात इतकी जनावरं ठेवायची तर परवाना हवा, आणि परवान्याला फरशी, गटार, सावली, चोवीस तास पाणी, सगळं बघतात म्हणे.

साहेब वहिनींच्या अंगणात फिरले. फिरता फिरता रुमाल खिशात गेला. सगळं बघून बाहेर रस्त्यावर आले, आमच्या कॉलनीच्या उघड्या गटारापाशी, आणि रुमाल परत नाकाला!

*

तेवढ्यात त्यांना ओट्यावर अंथरुणात पडलेले पगारे भाऊजी दिसले. "यांना काय झालंय?"

"काही नाही, ठणठणीत आहेत," वहिनी म्हणाल्या.

"मग बाहेर का?"

"आत शेळीला ताप आहे. आजारी जनावर वेगळं ठेवायचं, तुमचाच नियम ना? मग जे बरे आहेत ते बाहेर!"

भाऊजींनी चादर डोक्यावरून ओढून घेतली.

*

साहेब हसले, पण लगेच गंभीर झाले. "वहिनी, व्यवस्थेत खोट नाही. जागा मात्र कमी पडते. मंगळवारपर्यंत जागा दाखवा, नाहीतर निम्मी जनावरं कोंडवाड्यात न्यावी लागतील."

त्या संध्याकाळी पंगत बसली, पण वहिनी ताटं मांडता मांडता मध्येच थांबल्या. "निम्मी म्हणजे कोणती हो?" त्यांनी मला विचारलं.

घरी येऊन मी आमच्या ह्यांना सांगितलं. आता, हे म्हणजे मधल्या भिंतीवरून वीतभर जागेसाठी पगाऱ्यांशी कित्येक वर्षं अबोला धरलेला माणूस! दुसऱ्या दिवशी सकाळी धाड धाड आवाज आला म्हणून मी मागे गेले, तर हे बनियनवर, हातात पहार!

"अहो, काय करताय?"

"शेळीला दिसत नाही. धडकली असती भिंतीला," हे म्हणाले, आणि पुढची वीट पाडली.

भिंत गेली. आमचं आणि त्यांचं परसू एक झालं. साहेब येऊन बघून गेले, "वर विचारून सांगतो" एवढंच म्हणाले.

*

मंगळवारी गाडी आली. खरंच आली! सगळी कॉलनी बाहेर. वहिनी दारात आडव्या उभ्या, गाढव त्यांच्या मागे. आमचे हे पहार घेऊन शेजारी.

साहेब उतरले. हातात परवाना. वहिनींना दिला आणि ड्रायव्हरला खूण केली. मागचं फळकूट खाली पडलं. आत दाटीवाटीनं वासरं, शेळ्या आणि एक पांढरं, म्हातारं टांग्याचं घोडं!

"कोंडवाड्यात आजाऱ्यांची सोय नाही, वहिनी," साहेब चाचरत म्हणाले. "नियमात बसणारी जागा हीच एक सापडली. भिंत नसलेली."

वहिनींनी परवाना न वाचताच कमरेला खोचला. गाडीत चढल्या, घोड्याच्या मानेवर हात ठेवला, इकडेतिकडे बघितलं आणि वळल्या.

"साहेब, फरशी नाही, सावली नाही, पाण्याचं भांडं नाही! एवढी जनावरं यातून आणायचा तुमचा परवाना कुठाय?"

साहेबांनी खिशातून रुमाल काढला. या वेळी कपाळ पुसायला.

मागून सुमनबाईंचा आवाज आला, "गाडी येणार शे, मी सांगेल व्हतं ना!"