नऊच्या आत पडदा वर

नोला प्रुएटइतकी कवडीचुंबक बाई टास्मानियाच्या या पश्चिम टोकाला दुसरी झाली नसेल, आणि हे मी तिच्या तोंडावर शंभरदा बोलले आहे. ती म्हणायची, "ग्लेनिस, तुझ्यासारख्या उधळ्या बाईला काय कळणार?" मी उधळी! बेकरीत पावाचे ट्रे उचलून जिचे खांदे कामातून गेले, ती उधळी! पण तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसायचा.

आमच्या गल्लीत अकरा घरं, त्यांतल्या पाचांत माणसं. खाण बंद झाली तशी पोरंबाळं समुद्रापलीकडे मोठ्या शहरांत गेली आणि मागे आम्ही म्हातारी उरलो. चार वर्षांपूर्वी कोपऱ्यावरचा एकटा राहणारा पर्सी गेला, तेव्हा नऊ दिवस कुणाला पत्ताच नव्हता. लाजच वाटली सगळ्यांना. त्याला पुरून आल्यावर हॉलमध्ये चहा पिता पिता आम्ही ठरवलं, की एकट्या माणसाने सकाळी नऊच्या आत स्वयंपाकघराचा पडदा वर गुंडाळायचा आणि समोरच्याने तो बघायचा. वर गेला नसेल तर किल्ली घेऊन आत शिरायचं.

तेव्हा माझ्या समोरच्या नोलाचा नवरा, क्लॅरी, जिवंत होता. म्हणजे पडदा माझा आणि पहारा नोलाचा. एकदा माझा डोळा लागला, तर नऊ वाजून पाच मिनिटांनी ही बया माझ्या पलंगापाशी उभी.

"मेलीस का?"

"नाही गं."

"मग ऊठ, पडदा वर कर. माझा चहा गार होतोय."

गेल्या एप्रिलमध्ये क्लॅरी गेला, तसा पडदा नोलालाही लागू झाला आणि तिच्यावर पहारा माझा. दोघांचं पेन्शन बंद झालं आणि एकटीचं सुरू झालं. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, पण नोलाचं अंथरूणच क्लॅरीबरोबर कापलं गेलं. आणि एक माणूस कमी झालं म्हणून घर काही अर्धं तापवता येत नाही.

मग तिने जे आरंभलं, ते बघून मला आधी हसू यायचं. गरम पाण्याची टाकी फक्त बुधवारी आणि रविवारी चालू. एका खिम्यात चार दिवस जेवण, चौथ्या दिवशी नुसता बटाटा आणि खिम्याची आठवण. मटणाची चरबी डब्यात गाळून ठेवायची आणि ती टोस्टला लावायची. पावाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन उजाडताच दोरीवर चिमट्यांनी वाळत घालायची आणि संध्याकाळच्या आत मोजून घरात न्यायची. थंडीच्या दुपारी लायब्ररीत जाऊन बसायची, कारण तिथली ऊब फुकट. दिवसा दिवा लावणं हे तर तिच्या लेखी पापच.

जूनमध्ये, थंडी सुरू होताच, तिने फोन काढून टाकला.

"अगं, वेडी आहेस का? काही झालं तर?" मी म्हटलं.

"पडदा आहे की," ती म्हणाली. "आणि तू आहेस."

घराची ऊब खिडक्यांतून पळते असं तिने कुठेतरी वाचलं होतं. तिने सगळ्या खिडक्यांना फुग्याफुग्यांचं प्लास्टिक चिकटवलं, वरून घोंगड्या टांगल्या. फक्त स्वयंपाकघराची खिडकी सोडली. तिथेच वारा सर्वांत जास्त घुसायचा. ती तिथे क्लॅरीचा कोट घालून चहा प्यायची, पण त्या काचेला हात लावला नाही.

"ही तेवढी चैन मला परवडते," म्हणायची.

त्याच सुमारास बेकरीने माझे दिवस आठवड्याला चारावरून दोनावर आणले. मी रडत नोलाकडे गेले. तिने सहानुभूतीचा एक शब्द काढला नाही. दारातूनच समोरचा माझा चुलीच्या लाकडांचा ढीग बघितला, आत जाऊन प्लास्टिकची उरलेली गुंडाळी आणली आणि माझ्या हातात दिली.

"आधी समोरची खिडकी. तुझी सगळी ऊब तिथूनच जाते."

मी लावलं. खरंच, खोली उबदार झाली, लाकूडही निम्म्याने कमी जळायला लागलं. फक्त बाहेरचं सगळं फुगलेलं, पुसटसं दिसायचं. नोलाचा पडदा वर आहे की खाली हे कळायचं नाही. सुरुवातीला मी रोज दार उघडून बघायचे. मग पावसात कोण दार उघडणार? पलीकडे काहीतरी हललं की म्हणायचे, उठली म्हातारी. खोटं कशाला बोलू, पुढे पुढे तेवढंही बघितलं नाही.

जुलैतला तो मंगळवार. सकाळी प्लास्टिकमधून समोर पिवळा उजेड दिसला. म्हटलं, चला, उठली. बुधवारीही तोच उजेड. दिवसा दिवा! नोलाच्या घरी! आणि मी, जिने तिची कंजुषी गावभर सांगितली, ती मी शांतपणे टोस्ट खात बसले.

दुपारी लाकूड आणायला बाहेर गेले तर माझ्या कुंपणाला एक धुतलेली पावाची पिशवी अडकलेली. समोर बघितलं, तर दोरीवर तीन पिशव्या पावसात भिजत फडफडत होत्या. पडदा खाली होता. त्याच्यामागून दिवा जळत होता.

मी किल्ली घेऊन धावले. ती स्वयंपाकघरात फरशीवर पडली होती. मांडीचं हाड मोडलेलं, अंगावर कसाबसा ओढलेला क्लॅरीचा कोट, ओठ निळे. पडद्याच्या दोरीपासून हातभर अंतरावर. मी ओरडतच गुडघ्यांवर बसले. तिने डोळे उघडले.

"आधी तो दिवा बंद कर," ती म्हणाली. "कालपासून फुकट जळतोय."

तिला बर्नी शहरातल्या हॉस्पिटलात नेलं. रविवारी मी बसने गेले. पांढऱ्या चादरीत ती एवढीशी दिसत होती. मी सगळं कबूल केलं, माफी मागितली, नाक गळेपर्यंत रडले.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "तुझी काच मला दिसते ना. पहिल्या दिवसापासून माहीत होतं, की तुला तिकडून काही दिसत नाही."

"मग बोलली का नाहीस? अगं, एका शब्दाचं काम होतं!"

"तुझं लाकूड वाचत होतं."

"आणि तू? रोज पडदा वर करत होतीस, ते कुणासाठी?"

नर्सने आणून ठेवलेली साखरेची पुडी तिने न वापरता उशीखाली सरकवली. जित्याची खोड.

"नऊ वाजले की हात आपोआप जायचा," ती म्हणाली. "एखादे दिवशी काढशील ते प्लास्टिक, असं वाटायचं."

घरी आल्याआल्या, अंगातला कोटही न काढता, मी ते प्लास्टिक ओरबाडून काढलं. नोला मात्र परत आली नाही. बर्नीलाच वृद्धाश्रमात तिला खोली मिळाली, आणि सप्टेंबरमध्ये ती तिथेच झोपेत गेली. तिथे खोल्या सकाळ-संध्याकाळ गरम असतात, त्याचा तिला फार राग यायचा.

मी आता सकाळी नऊच्या आत पडदा वर करते. समोर नोलाची खिडकी आहे, तिचा पडदा खाली आहे. गल्लीत आता मला बघायला समोर कुणी नाही. काचेतून गार वारा येतो, लाकूड दुप्पट जळतं, आणि बेकरीचे दिवस दोनच आहेत. तरी मी ती काच झाकलेली नाही.