सुजीच्या पेशी

सुजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदुऱ्याच्या शाळेत नववीला शिकवत होतो. वर्ग तसाच टाकून निघालो... धाड या आमच्या गावी, तिच्या पुण्यानुमोदनाच्या बौद्ध विधीला माणूस मावत नव्हता. त्यानंतर कित्येक आठवडे गेले, तेव्हा कुठे आज लिहायला बसलोय.

सुजाता माझी धाकटी बहीण. भलती हट्टी. पुण्याला स्तनांच्या कर्करोगावर संशोधन करायची आणि तिथेही बिनधास्त आपली वऱ्हाडीच झाडायची. टेलोमरेज हा शब्द मी पहिल्यांदा तिच्याच तोंडून ऐकला. "दादा, एका पेशीच्या दोन झाल्या का तिच्यातल्या धाग्याचं टोक जरासं झिजते. झिजता झिजता एक दिस पेशी थांबते. हे टेलोमरेज ते टोक पुन्हा बांधून देते. आपल्या आंगातल्या बहुतेक पेशींत त्याचं बटन बंद असते. क्यान्सरात ते चालू होते, अन् पेशी मराचंच इसरते." ते बटन कशानं चालू होतं, बंद कसं करायचं, याच प्रश्नामागे ती हात धुऊन लागली होती. मग तोच आजार तिला झाला. मी नशिबाला शिव्या घातल्या. तिने मात्र ऑपरेशनआधीच सांगून ठेवलं, काढलेली गाठ प्रयोगशाळेला द्या. तिच्या या धीराचं मला अजून नवल वाटतं, आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटते.

ती गेल्यावर तिची सहकारी मीनल मला म्हणाली, "सुजाताच्या गाठीतल्या पेशी अजून वाढताहेत. तिची परवानगी आहेच. पण आई नको म्हणाल्या, तर आम्ही थांबवू." मी मायला हे सांगितलं. त्या दिवशी ती जेवली नाही. मग म्हणाली, "मले दाखव."

आम्ही पुण्याला गेलो. छोट्याशा बाटलीत गुलाबी पाणी होतं. मीनलने ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मी आधी पाहिलं. एकमेकींना बिलगलेल्या इवल्या इवल्या पेशी... सुजी नाही, आणि तिच्या देहातलं एवढंसं काही अजून जगतंय.

मग मायने डोळा लावला. "माह्या पोरीच्याच हायेत या?"

"हो, आई."

"अन् यायनंच तिले मारलं?"

मीनलने माझ्याकडे पाहिलं. मीच हो म्हणालो.

माय मान वर न करताच म्हणाली, "ठेवा. पण बाई, यायले मराले शिकवा."