मेहुण्याच्या कॅमेऱ्यातले सेल

माझ्या मेहुण्याने मला फसवलं, हे आधीच सांगतो. काल रिमोटचे सेल बदलताना सगळं परत आठवलं. ब्रिस्टलहून आम्ही स्कॉटलंडच्या डोंगरात स्नोमोबाइल चालवायला गेलो होतो. त्या दिवशी हिमस्खलनाचा धोका मोठा होता, म्हणून गाइडने प्रत्येकाला बर्फाखालचा माणूस शोधून देणारं यंत्र दिलं आणि उतार एकेकाने ओलांडायला सांगितला. गाड्यांच्या भाड्यात मी घासाघीस केली होती, यंत्रांच्या नाही. माझ्या पाळीला वरून बर्फ घसरला आणि मी काखेपर्यंत गाडला गेलो. बर्फ सिमेंटसारखा आवळत होता, पाय हलेनात, नाकात पेट्रोलचा वास. वर अजून एक थर लटकत होता. तो सुटला असता, तर छातीवरच्या यंत्राचाच आधार होता. पलीकडून मेहुणा ओरडला, "भावजी, हलू नका हां, एक फोटो घेतो." गाइडने खणून बाहेर काढलं, तेव्हा माझं यंत्र बंद होतं. "चहाच्या वेळी तुम्ही यंत्र उतरवून ठेवलंत, तेव्हा त्यातले सेल काढले हो, कॅमेऱ्याचे संपले होते," मेहुणा हसत म्हणाला. तो फोटो आजही त्याच्या हॉलमध्ये लटकतोय आणि घरचे मलाच तापट म्हणतात. दुसरा थर सुटला असता तर मला कुठे शोधलं असतं, याचं उत्तर त्याने द्यावं, न हसता, त्याच्या बहिणीसमोर.